दोष, दंडाज्ञा आणि कृपा : बाबा पदमनजींच्या निमित्ताने



पिरनवाडीच्या शेजारीच असलेल्या बेळगावात १८३१ साली बाबा पदमनजींचा जन्म झाला आणि तेथेच १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. मराठी वाचक त्यांना 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीचे कर्ते म्हणून ओळखतो. परंतु कासार कुटुंबातील, देवधर्माच्या वातावरणात वाढलेला हा तरुण ज्ञाती आणि गोत दुरावण्याची किंमत मोजून या मार्गास का लागला, हे 'अरुणोदय' या त्यांच्या आत्मचरित्रातूनच उलगडते. परमहंस सभेच्या सुधारकांत वावरूनही त्यांचे समाधान झाले नव्हते. ईश्वरासमोर मनुष्य निर्दोष कसा ठरेल, हा प्रश्न शिल्लकच होता.

ख्रिस्ती विचारात या प्रश्नाची भाषा न्यायासनाची आहे. 'नियमशास्त्र', 'दंडाज्ञा', 'नीतिमान ठरणे' हे मराठी बायबलातील शब्दच त्याची साक्ष देतात. दोष म्हणजे मनाची निव्वळ रुखरुख नव्हे. ती ईश्वराच्या न्यायापुढील मनुष्याची खरीखुरी स्थिती होय. दहा आज्ञा बाह्य आचरणापुरत्या पाळता येतील असे वाटते. परंतु येशूने डोंगरावरील प्रवचनात रागाला हत्येच्या पंक्तीस बसविले, तेव्हा कोणाचीच सुटका उरली नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हाच विचार पुढे नेला. नियमशास्त्र पाप दाखविते, दूर करीत नाही. वैद्याच्या निदानाने रोग कळतो, बरा होत नाही. म्हणूनच क्रूसाचे महत्त्व. दंड ख्रिस्ताने सोसला, या श्रद्धेने विश्वासणारा दंडाज्ञेतून मुक्त होतो. मग पाप स्वस्त झाले काय, हा आक्षेप पौलाने स्वतःच उपस्थित करून खोडून काढला. क्षमा मिळालेल्याने जुन्या वाटेला परत जाणे त्याला असंभाव्य वाटते.

ही जाणीव मराठी मनाला सर्वस्वी परकी नाही. तुकोबांनी स्वतःला पतित म्हणविले आणि पतितपावनाला साद घातली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तापर्यंतच्या आपल्या वाटचालीचे श्रेय तुकोबांनाही दिले, ते उगीच नव्हे. भेदही ध्यानात ठेवावा. कर्मविचारात फळ कर्मातूनच उपजते. येथे मात्र निवाडा करणारा आणि क्षमा करणारा एकच आहे.

या तत्त्वाची खरी कसोटी समाजात लागते. 'यमुनापर्यटना'तील विधवांनी कोणताही अपराध केलेला नसतो. तरीही केशवपन, अपमान आणि एकांत ही शिक्षा त्यांच्या वाट्याला येते. माणसांचा कायदा दुर्बळाला दोषी ठरवितो आणि निवाडा करणाऱ्याला मोकळे सोडतो. योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीला दगडमार करण्यास आलेले लोक, वडीलधाऱ्यांपासून आरंभ करून, एकेक करीत निघून जातात. येशू तिला दोषी ठरवीत नाही. मात्र पुन्हा पाप न करण्यास बजावतो. ईश्वराच्या नियमापुढे सर्वच दोषी असतील, तर दुसऱ्यावर दगड उचलण्याचा अधिकार कोणालाच राहत नाही.

येथे दोषाची जाणीव मनुष्याला चिरडीत नाही, नम्र करते. ती चिरडू लागली, तर कृपेचा अर्थ हरवला असे समजावे. आणि ती केवळ शेजाऱ्यापुरतीच उरली, तर नियमशास्त्राचाही. बाबा पदमनजींचे ग्रंथ वाचणाऱ्याने, त्याचा धर्म कोणताही असो, एवढी कसोटी प्रथम स्वतःला लावून पाहावी.