हत्तीशेजारचें बिऱ्हाड



आजच्या विषयाला मी एका वाचनालयापासून आरंभ करतों. अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यांत डर्बी लाइन नांवाचें एक लहानसें गांव आहे आणि त्याला अगदीं खेटून, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत, स्टॅनस्टेड नांवाचें दुसरें गांव आहे. या दोन गांवांच्या बरोबर सीमेवर हॅस्केल घराण्यांतील एका बाईनें आपल्या दिवंगत पतीच्या स्मरणार्थ एक इमारत बांधविली. १९०४ सालीं ती लोकांसाठीं खुली झाली. खालीं वाचनालय आणि वर नाट्यगृह. वाचनालयाच्या जमिनीवर एक काळी रेघ ओढलेली आहे. रेघेच्या एका बाजूस अमेरिका, दुसऱ्या बाजूस कॅनडा. पुस्तकांचीं कपाटें कॅनडांत, तर मुख्य दरवाजा अमेरिकेंत. नाट्यगृहांत नट कॅनडांत उभे राहून बोलतात आणि बहुतेक प्रेक्षक अमेरिकेंत बसून टाळ्या वाजवितात!

कॅनडाकडील वाचक पिढ्यान् पिढ्या चार पावलें चालून, कोणाचा परवाना न घेतां, त्या दरवाजानें आंत येत असत. २०२५ सालीं अमेरिकेच्या सीमाधिकाऱ्यांनीं या वहिवाटीवर बंधन घातलें. तेव्हां इमारतीच्या कॅनडाकडील बाजूस, संकटकाळीं बाहेर पडण्यासाठीं ठेवलेलें जें दार होतें, तें वाचकांना येण्याजाण्यासाठीं उघडावें लागलें. भांडण केवढें, तर एका दाराएवढें. परंतु वहिवाट मोडली म्हणजे मनाला काय होतें, हें ज्यांच्या शेताचा बांध कधीं कोणीं कोरला असेल, त्यांना मीं सांगावयास नको.

मी जन्मभर शाळामास्तर होतों. भूगोलाच्या तासाला उत्तर अमेरिकेचा नकाशा फळ्यावर टांगून मी मुलांना एक वाक्य नेमानें सांगत असें : ‘अमेरिका व कॅनडा यांच्यामधील सीमा जगांत सर्वांत लांब असून तिच्यावर सैन्याचा पहारा नाहीं.’ अलास्काची बाजू धरून ही सीमा ८,८९१ किलोमीटर भरते. मुलें तें वाक्य वहींत उतरून घेत आणि परीक्षेंत त्याचा एक गुण मिळे. एकदां मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, “गुरुजी, मग त्या दोघांचें भांडण कधींच होत नाहीं काय?” मीं उत्तर दिलें, “ते चांगले शेजारी आहेत, म्हणून होत नाहीं.” मुलगा खालीं बसला आणि मी पुढच्या धड्याकडे वळलों. तें उत्तर अपुरें होतें. आज तें पुरें करावें, एवढाच माझ्या या भाषणाचा हेतु आहे.

पहिली गोष्ट ही कीं, भांडण होत नाहीं असें मुळींच नाहीं. या दोन देशांचा संबंध परक्या शेजाऱ्यांचा नसून भाऊबंदांचा आहे, आणि भाऊबंदकी म्हटली कीं वाटणी आली, वाटणी आली कीं रुसवा आला. अमेरिकन वसाहतींनीं इंग्लंडविरुद्ध शस्त्र उपसलें, तेव्हां १७७५ सालीं त्यांची एक फौज उत्तरेकडे चालून गेली. माँट्रिऑल पडलें, पण वर्षाच्या अखेरच्या दिवशीं, हिमवादळांत, क्वेबेक शहरावरील हल्ला फसला आणि सेनापति माँटगोमेरी ठार झाला. तेथील फ्रेंच प्रजेला १७७४ च्या कायद्यानें आपल्या धर्माचें व चालीरीतींचें संरक्षण मिळालें होतें; त्यांतील बहुतेकांनीं या मुक्तिदात्यांना साथ दिली नाहीं. पुढें युद्ध संपल्यावर इंग्लंडच्या राजाशीं एकनिष्ठ राहिलेलीं हजारों माणसें घरदार टाकून उत्तरेकडे आलीं. म्हणजे इंग्रजी कॅनडाच्या पायांत जे दगड आहेत, त्यांतील पुष्कळसे अमेरिकेंतून हांकलून दिलेल्या माणसांच्या दुःखाचे आहेत.

१८१२ सालीं पुन्हां युद्ध जुंपलें. कॅनडा घेणें म्हणजे केवळ तिकडे चालत जाण्याचा प्रश्न आहे, असें जेफरसनसारख्या विद्वान पुरुषानें त्या वर्षीं लिहिलें. प्रत्यक्षांत तें चालणें फार महाग पडलें. १८१३ सालीं अमेरिकनांनीं यॉर्क, म्हणजे आजचें टोरोंटो, घेऊन तेथील विधिमंडळाच्या इमारती जाळल्या; १८१४ सालीं इंग्रजांनीं वॉशिंग्टन येथें अध्यक्षांचा वाडा जाळला. तह झाला तेव्हां सीमा जवळजवळ पूर्वींच्याच जागीं राहिली. मौज अशी कीं, या युद्धांत आपण जिंकलों असें दोन्ही देश आपआपल्या मुलांना शिकवीत आले. परंतु अमेरिकेच्या इतिहासांत तें एक लहानसें प्रकरण आहे, आणि कॅनडाच्या इतिहासांत तें राष्ट्राच्या जन्माचें पहिलें पान आहे. या दोन शेजाऱ्यांच्या स्वभावांतील सर्व फरक मला येथें दिसतो. थोरला विसरतो, धाकटा विसरत नाहीं.

मग तो बिनपहाऱ्याच्या सीमेचा चमत्कार कशानें घडला? तो प्रेमानें घडला नाहीं. तो लेखी करारानें घडला. १८१७ सालीं इंग्लंड व अमेरिका यांच्यांत रश-बॅगट करार झाला. महासरोवरांवर कोणीं किती लढाऊ नावा ठेवाव्या, त्या केवढ्या असाव्या, त्यांवर किती तोफा असाव्या, हें त्यांत मोजून लिहिलें. ऑन्टॅरिओ सरोवरावर प्रत्येकाची एक नाव, आणि तिच्यावर एक तोफ! युद्धाचा धूर पुरता विरला नव्हता, एकमेकांवर विश्वास नव्हता. आणि विश्वास नव्हता म्हणूनच मोजमाप केलें. पुढें विश्वास आला तो त्या मोजमापाच्या मागून आला.

पॅसिफिक महासागराकडील सॅन वान बेटावर १८५९ सालीं एका अमेरिकन शेतकऱ्यानें आपल्या शेतांतील बटाटे उकरणारें एक डुक्कर गोळी घालून मारलें. डुक्कर इंग्रज कंपनीचें होतें. बेट कोणाचें हें ठरलेलें नव्हतें. पाहतां पाहतां एका बाजूस पलटण, दुसऱ्या बाजूस आरमार उभें राहिलें. परंतु वरिष्ठांनीं हात आवरला. दोन्ही बाजूंच्या लहान तुकड्या बारा वर्षें त्याच बेटावर शेजारीं शेजारीं राहिल्या, आणि १८७२ सालीं जर्मनीच्या बादशहानें पंच म्हणून बेट अमेरिकेस दिलें. त्या सगळ्या युद्धांत बळी गेला तो त्या डुकराचा.

लवाद म्हणजे दरवेळीं न्यायच, असें मात्र समजूं नये. १९०३ सालीं अलास्काची हद्द ठरविण्यासाठीं सहा जण बसले : तीन अमेरिकन, दोन कॅनेडियन आणि एक इंग्रज न्यायाधीश, लॉर्ड आल्व्हरस्टोन. इंग्रजानें आपलें मत अमेरिकेच्या पारड्यांत टाकलें. दोघां कॅनेडियनांनीं निकालावर सही करण्याचें नाकारलें. थोरल्या शेजाऱ्यानें बांध कोरला आणि आपल्याच घरच्या वडिलधाऱ्यानें त्याला होकार दिला, अशी ती जखम होती. आपला व्यवहार आपणच पाहिला पाहिजे, ही जाणीव कॅनडांत त्या दिवसापासून तीव्र झाली.

त्यानंतर सहाच वर्षांनीं, १९०९ सालीं, सीमेवरील नद्या व सरोवरें यांच्या पाण्याविषयीं करार झाला आणि एक संयुक्त आयोग स्थापन झाला. आयोगांत सहा सभासद : तीन अमेरिकेचे, तीन कॅनडाचे. श्रोत्यांनीं या आंकड्याचा विचार करावा. आज अमेरिकेची लोकसंख्या सुमारें चौतीस कोटि आहे, कॅनडाची चार कोटींहून थोडी अधिक. माणसें मोजलीं तर एकास आठ असें प्रमाण पडतें. परंतु त्या खोलींत खुर्च्या समसमान आहेत. बलवानानें आपण होऊन समान खुर्चीवर बसण्याचें कबूल करणें, यालाच मी शेजारधर्म म्हणतों. बाकी सगळी गोड भाषा आहे.

आतां दोघांच्या मनोवृत्तीविषयीं थोडेसें. कॅनडाचे पंतप्रधान पिएर त्रूदो यांनीं १९६९ सालीं वॉशिंग्टन येथें सांगितलें कीं, तुमच्या शेजारीं राहणें म्हणजे हत्तीच्या अंगाला अंग लावून निजण्यासारखें आहे. हत्ती कितीही सुस्वभावी असला, तरी त्याची प्रत्येक हालचाल जाणवते. या उपमेंतील मर्म असें कीं, हत्तीला शेजाऱ्याची हालचाल जाणवत नाहीं. कॅनडाची सुमारें दोनतृतीयांश प्रजा सीमेपासून शंभर किलोमीटरांच्या आंत राहते, आणि त्याच्या निर्यातीचा सुमारें तीनचतुर्थांश भाग अमेरिकेंत जात आला आहे. अमेरिकेनें कूस बदलली कीं कॅनडाची झोंप मोडते. अमेरिकन माणूस कॅनडाचा द्वेष करीत नाहीं. तो कॅनडाचा विचारच करीत नाहीं. आणि मानी माणसाला द्वेषापेक्षांही हें अधिक झोंबतें.

म्हणूनच व्यापाराचा प्रश्न निघाला कीं कॅनडांत तो घराच्या अब्रूचा प्रश्न होतो. १९११ सालीं पंतप्रधान लॉरिए यांनीं अमेरिकेशीं जकातीच्या सवलतींचा करार केला. त्याच वेळीं अमेरिकन प्रतिनिधिगृहांतील पुढारी चँप क्लार्क यांनीं भर सभागृहांत अशी आशा बोलून दाखविली कीं, उत्तर ध्रुवापर्यंत सर्व भूमीवर एक दिवस अमेरिकेचें निशाण फडकेल. झालें! करार राहिला बाजूला, आणि निवडणुकींत लॉरिए पडले. क्लार्क यांनीं तें वाक्य उच्चारून कदाचित् विसरूनही टाकलें असेल. १९८८ सालीं खुल्या व्यापाराच्या प्रश्नावर पुन्हां तशीच निवडणूक झाली. त्या वेळीं मात्र कराराचा पक्ष जिंकला.

कॅनडाकडे दोष नाहींत, असें म्हणणें पक्षपाताचें होईल. दुबळ्या शेजाऱ्याला एक खोड लागते : आपण थोरल्यासारखे नाहीं, एवढ्यावरच तो स्वतःला सज्जन समजूं लागतो. अमेरिकेंतील गुलामगिरीकडे व वर्णद्वेषाकडे बोट दाखविणाऱ्या कॅनडानें आपल्याच आदिवासींच्या मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडलें, आणि त्याबद्दल सरकारनें संसदेंत क्षमा मागितली ती २००८ सालीं. मास्तर या नात्यानें ही गोष्ट मला विशेष लागते. शेजाऱ्याचें कुसळ दिसतें, आपलें मुसळ दिसत नाहीं, ही म्हण धाकट्यालाही लागू आहे.

असें असूनही एकमेकांच्या अडचणीला हे दोघे धांवून गेले आहेत. ६ डिसेंबर १९१७ रोजीं हॅलिफॅक्स बंदरांत दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट होऊन सुमारें दोन हजार माणसें मेलीं. त्याच रात्रीं बॉस्टनहून डॉक्टर, परिचारिका व औषधें घेऊन आगगाडी निघाली. त्या उपकाराची आठवण म्हणून नोव्हास्कोशिया प्रांत १९७१ पासून दरवर्षीं नाताळाचें एक मोठें झाड बॉस्टनला पाठवीत आला आहे. तेहेरान येथें अडकलेल्या सहा अमेरिकन अधिकाऱ्यांना कॅनडाचे राजदूत केन टेलर व त्यांचे सहकारी यांनीं स्वतःच्या घरीं लपविलें आणि १९८० च्या जानेवारींत कॅनडाच्या पारपत्रांवर बाहेर काढलें. ११ सप्टेंबर २००१ रोजीं अमेरिकेचें आकाश बंद झालें, तेव्हां गँडर नांवाच्या सुमारें दहा हजार वस्तीच्या गांवांत ३८ प्रवासी विमानें उतरलीं, आणि गांवकऱ्यांनीं सहा हजारांहून अधिक पाहुण्यांना जेवूं घातलें.

हें सर्व डोळ्यांपुढें ठेवून २०२५ सालाकडे पाहावें. अध्यक्ष ट्रंप यांनीं कॅनडानें अमेरिकेचें एकावन्नावें राज्य व्हावें, असें वारंवार म्हटलें, आणि मार्चमध्यें कॅनडाच्या मालावर जकात बसविली. अमेरिकेंत कित्येकांनीं तें थट्टेवारी नेलें. कॅनडांत तें कोणीं थट्टेवारी नेलें नाहीं. दुकानांतील फळ्यांवरून अमेरिकन मद्य उतरलें, सहली रद्द झाल्या, आणि खेळाच्या मैदानांत अमेरिकेच्या राष्ट्रगीताच्या वेळीं लोकांनीं हुर्यो केली. त्या फेब्रुवारींत हॉकीच्या अंतिम सामन्यांत कॅनडानें अमेरिकेचा तीन विरुद्ध दोन असा पराभव केला. तो सामना झाला बॉस्टन येथें, त्याच नाताळाच्या झाडाच्या गांवीं. एप्रिलमध्यें निवडणूक झाली, आणि काहीं महिन्यांपूर्वीं हरणार असें वाटणारा लिबरल पक्ष मार्क कार्नी यांच्या नेतृत्वाखालीं निवडून आला. १९११ चें एक वाक्य आणि २०२५ चें एक वाक्य, यांत एकशें चौदा वर्षांचें अंतर आहे. परंतु उत्तर एकाच जातीचें मिळालें.

आपल्या शहरांतील पुष्कळ घरांतून आज एक मुलगा न्यूजर्सीस आणि दुसरी मुलगी टोरोंटोस असा संसार पसरलेला आहे. अशा घरांतील आईबापांना ही केवळ वर्तमानपत्रांतील बातमी वाटत नाहीं. भाऊबहिणींच्या भेटीच्या वाटेवरील दार उघडें राहील कीं नाहीं, एवढा तिचा अर्थ त्यांच्यापुरता खरा आहे.

मागच्या बाकावरील तो विद्यार्थी आतां कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. तो ऐकत असेल, तर माझें सुधारलेलें उत्तर असें आहे : बाळ, त्या दोघांचें भांडण होतें, वरचेवर होतें. तें मारामारीपर्यंत जात नाहीं, याचें कारण ते फार चांगले आहेत हें नव्हे. त्यांच्या वाडवडिलांनीं नावा मोजल्या, तोफा मोजल्या, पंच नेमले आणि खुर्च्या सारख्या मांडल्या. पुढच्यांनीं ती रीत बहुधा पाळली. जमिनीवरची ती काळी रेघ कोणाला टोंचत नव्हती, कारण ती ओलांडतांना कोणी कोणाला कमी लेखीत नव्हतें. रेघ आजही तेवढीच रुंद आहे. ती भिंत होऊं द्यावयाची कीं नाहीं, हें मात्र दर पिढीला, आणि विशेषतः थोरल्या शेजाऱ्याला, नव्यानें ठरवावें लागतें.