जेलमधलं शिक्षण आणि आपला सातबारा
(वरवंडच्या बैठकीत झालेलं बोलणं)



आज जमिनीचं सोडून जेलचं काय काढलं, असं काहींना वाटेल. पण दोन्ही गाठी एकाच दोरीच्या आहेत.

येरवड्याचं जेल १८७१ सालचं. त्याच साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो आपल्याकडेही आला. पारध्याच्या पोटी जन्मला की झाला गुन्हेगार! १९५२ साली कायदा गेला. ठाण्यातला संशय अजून गेलेला नाही, हे इथं बसलेल्यांना काय सांगायचं.

आता जेलात सुतारकाम, विणकाम, शिवणकाम शिकवतात, अक्षरओळखीचे वर्ग भरतात. चांगलंच आहे. पण हे मुख्यतः पक्क्या कैद्यांसाठी. आपली माणसं बहुतेक कच्चे कैदी. खटला चालू असलेल्याला सक्तीचं काम लावत नाहीत, तेही बरोबरच. पण मग त्याला शिकवायचंही राहून जातं. जामीन मंजूर होतो, पण कोर्ट जामीनदार मागतं, त्याच्या ऐपतीचा कागद मागतं. भावकीत कुणाच्या नावावर सातबारा आहे? फॉरेस्टची जमीन दोन पिढ्या कसली तरी कागद नाही. मग माणूस आत बसून राहतो. सुटतो तेव्हा हातात ना हुन्नर, ना दाखला.

आटपाडीला मात्र वेगळं घडलं. औंध संस्थानात १९३९ साली स्वतंत्रपूर वसवलं. मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडच्या इंजिनिअरनं राजाला पटवलं. भिंत नाही, कुंपण नाही. खुनाच्या शिक्षेचे कैदी बायकापोरांसह राहून शेती करू लागले. त्यावरूनच १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ सिनेमा आला, लिहिला होता आपल्या गदिमांनी. म्हणजे कैद्याला कसायला रान दिलं तर तो पळून जात नाही, हे सरकारला कधीचंच ठाऊक आहे. आणि गुन्हा न केलेल्याला त्याच्याच रानातून उठवतात!

आमचं म्हणणं एवढंच. कच्च्या कैद्यालाही, त्याची इच्छा असेल तर, अक्षर आणि धंदा शिकू द्या. दाखल्यावर जेलचं नाव नको, ते बघून कोण कामाला ठेवणार? आणि सुटलेल्या माणसाचं नाव गावच्या जमीन-मागणीच्या यादीत धरा.

ज्यांच्या घरचं कोणी आत आहे त्यांनी नाव, केस नंबर आणि कोर्टाची पुढची तारीख लिहून आणा. लिहिता येत नसेल तर आज थांबा, पोरं लिहून घेतील.