गाणं तिचं, कागदही तिचा

 

मागच्या महिन्यात एका गावात गटाची बैठक होती. विषय होता कर्जफेडीचा, पण बोलणं भलतीकडेच गेलं. गावात कुणी पाहुणे येऊन बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून घेऊन गेले होते. जाताना एका कागदावर सह्या घेतल्या, दोघींचे अंगठे घेतले. कागदावर काय लिहिलं होतं, ते एकीलाही सांगता येईना. प्रत तर कुणाकडेच नव्हती. एक मावशी म्हणाल्या, "अगं, गाण्याला कसला आलाय कागद?"

मावशींचा प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो. उत्तर शोधताना आम्हाला एका अमेरिकन गायिकेची गोष्ट सापडली. ती गाणी लिहायची, गायची, आणि तिने कागदही जपून ठेवला होता. तिचं नाव पेगी ली.

पेगीचा जन्म १९२० सालचा, अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातला. हा सगळा शेतीवाडीचा, कडाक्याच्या थंडीचा मुलूख. तिचं खरं नाव नॉर्मा. वडील रेल्वे स्टेशनवर कामाला. ती चार वर्षांची असताना आई गेली. सावत्र आईने फार मारलं, असं तिने पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे. घरातली, शेतावरची कामं करत ती गायला शिकली. शाळकरी वयातच जवळच्या लहानशा रेडिओ केंद्रावर तिचा कार्यक्रम लागायचा. तो एका खाणावळीने चालवलेला असायचा आणि पगार म्हणून पोरीला जेवण मिळायचं. पुढे फार्गो शहरातल्या रेडिओ केंद्रावर तिला पेगी ली हे नाव मिळालं. रेडिओवरून सुरुवात झालेली बाई, म्हणून आम्हाला ती अधिकच जवळची वाटली.

ती पॉप गाणी गायची, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी बसणारी सोपी गाणी. आणि ती जॅझही गायची. जॅझ हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत. त्यात चाल ठरलेली असते, पण गाणारी ती दर वेळी तशीच्या तशी म्हणत नाही. आपल्या भजनात एकीने चाल धरली की दुसरी त्यात स्वतःची हरकत घेते ना, साधारण तसंच.

तिचा आवाज मोठा नव्हता. १९४१ साली एका हॉटेलात लोक जेवत होते, गप्पांचा गलका चालला होता. ओरडून गाणं काही तिला जमेना. मग तिने उलटं केलं, आवाज आणखी खाली आणला. बाई काय गाते आहे ते ऐकायला लोक गप्प झाले. तेव्हापासून हळू गाणं हीच तिची ओळख झाली. बैठकीत ज्यांचा आवाज बसतो त्यांनी हे ध्यानात ठेवावं!

त्याच वर्षी बेनी गुडमन या नावाजलेल्या वादकाने तिला आपल्या बँडमध्ये घेतलं. लिल ग्रीन नावाच्या काळ्या गायिकेची एक तबकडी पेगी सारखी लावून ऐकायची. कमाई न आणणाऱ्या पुरुषाला सुनावणाऱ्या बाईचं ते गाणं. गुडमनने ते तिच्यासाठी बसवून घेतलं. १९४२ साली ते रेकॉर्ड झालं आणि पुढच्या वर्षी देशभर गाजलं.

त्यानंतर बँडमधला गिटारवादक डेव्ह बार्बर याच्याशी तिचं लग्न झालं, मुलगी झाली. तिने गाणं थांबवलं, घर धरलं. पण गाण्याने काही तिला सोडलं नाही. घरकाम करताना, भांडी घासताना शब्द सुचायचे, असं ती सांगायची. डेव्हबरोबर बसून ती गाणी पुरी करायची. त्या दोघांचं ‘मन्याना’ हे गाणं १९४८ साली अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या नंबरावर होतं. आयुष्यभरात तिने एकटीने किंवा कुणाच्या जोडीने दोनशेहून जास्त गाणी लिहिली, आणि रेकॉर्ड केली हजारावर. १९५३ सालची ‘ब्लॅक कॉफी’ ही तिची तबकडी जॅझची माणसं आजही मानतात. चार वाद्यांची साथ आणि रात्री जाग्या राहिलेल्या बाईचा आवाज.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. पेगीच्या दोन कामांचं काय झालं ते ऐका.

पहिलं गाणं ‘फीव्हर’, साल १९५८. हे गाणं मूळचं दुसऱ्यांचं, आधी एका गायकाने गाऊन गाजवलेलं. पेगीने त्याचं रूपच बदललं. बरीचशी वाद्यं काढून टाकली. राहिला एक बास, एक ड्रम आणि चुटक्या. शिवाय तिने त्यात स्वतःची नवी कडवी लिहून घातली. आज जगभर हे गाणं म्हणणाऱ्या कित्येकजणी तिचीच कडवी म्हणतात. पण लिहिणारी म्हणून तिचं नाव कुठल्याही कागदावर लागलं नाही. तबकडीवर नाव मूळ गीतकारांचंच राहिलं. गाणं लिहिणाऱ्याला जो वाटा मिळतो, तो तिच्या कडव्यांना मिळाला नाही. काम केलं, पण नोंद नाही.

दुसरं काम त्याआधीचं. डिस्ने कंपनीचा ‘लेडी अँड द ट्रॅम्प’ हा कुत्र्यांच्या गोष्टीचा चित्रपट १९५५ साली आला. पेगीने सनी बर्क यांच्या जोडीने त्याची सहा गाणी लिहिली आणि चार पात्रांना आवाज दिला. गोष्टीतला म्हातारा कुत्रा मरतो असं ठरलं होतं. पोरं फार रडतील, त्याला जगवा, म्हणून तिनेच मालकांना गळ घातली, आणि तो जगला. आवाजाच्या कामाचे तिला साडेतीन हजार डॉलर मिळाले आणि ती आपल्या वाटेने गेली.

पण १९५२ साली केलेल्या करारात एक कलम होतं. लोकांना विकण्यासाठी तिच्या कामाच्या ध्वनिमुद्रिका किंवा तशा प्रती काढायच्या, तर तिची परवानगी लागेल. तेव्हा व्हिडिओ कॅसेट नावाची वस्तू जगात कुणाला ठाऊक नव्हती. १९८७ साली कंपनीने याच चित्रपटाच्या कॅसेटी बाजारात आणल्या. लाखांनी खपल्या. पेगीला वाटा नाही. १९८८ साली ती कोर्टात गेली. समोर एवढी मोठी कंपनी, आणि हिचं वय सत्तरीला टेकलेलं, तब्येत साथ देत नव्हती. कंपनीचं म्हणणं, करारात कॅसेटचं नावच नाही. कोर्ट म्हणालं, विकायला काढलेली प्रत ती प्रतच. १९९१ साली तिला २३ लाख डॉलर मिळावेत असं ठरलं, आणि वरच्या कोर्टातही ते टिकलं.

बाई तीच, गुणही तेच. ‘फीव्हर’च्या वेळी कागद नव्हता, इथे होता. पस्तीस वर्षांपूर्वीचं एक वाक्य म्हातारपणी तिच्या कामाला आलं. २००२ साली ती गेली.

आपल्याकडेही हा प्रश्न जुना आहे. गायकांना तबकडीच्या विक्रीतला वाटा मिळावा म्हणून लतादीदींनी १९६० च्या दशकात आग्रह धरला होता. आपल्या देशाचा कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. तुम्ही स्वतः गाणं रचलंत, तर रचल्या क्षणी ते तुमचं. त्यासाठी कुठल्या कचेरीत नोंद करावीच लागते असं नाही. पण कधी रचलं, कुणी रचलं हे वहीत तारखेसह लिहिलेलं असलं तर भांडता येतं. परंपरेच्या ओवीवर कुणा एकीची मालकी सांगता येणार नाही, ती सगळ्यांचीच. पण ती गाणारा गळा तुमचा आहे. गाणाऱ्या कलाकाराचाही हक्क कायद्याने मानला आहे. तुमच्या संमतीशिवाय तो आवाज रेकॉर्ड करून विकता येत नाही.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. कुणी गाणं रेकॉर्ड करायला आलं तर हाकलून लावू नका, चहा द्या. पण सहीआधी कागद मोठ्याने वाचून घ्या. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या पोरीला बसवा. हे गाणं कशासाठी, कुठे वाजणार, किती वर्षं, विकलं तर वाटा कुणाचा, गाणारणींची नावं येणार की नाही, हे विचारा. ज्याचं उत्तर तोंडी मिळतं ते कागदावर घ्या. आणि एक प्रत गटाच्या पेटीत, बँकेच्या पासबुकाशेजारी ठेवा. हे नुसतं गाण्याचं नाही. मसाल्याची कृती असो, गोधडीची नक्षी असो, विचारायचं असंच.

त्या गावातल्या बायकांनी गेल्या बैठकीत ठराव केला. पाहुण्यांना फोन लावला आणि सही केलेल्या कागदाची प्रत मागितली. फोन मावशींनीच केला, अगदी हळू आवाजात. प्रत अजून आलेली नाही. पण ती मागितल्याची तारीख इतिवृत्तात लिहिली आहे, आणि खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. या वेळी वाचून केलेल्या.