तटस्थतेची ग्वाही नको, पडताळणी हवी



 पक्षपाताचा आरोप झाला की आपल्या पत्रकारितेच्या व्यवसायात एक उत्तर ठरलेले आहे : ‘दोन्ही बाजू आम्हाला शिव्या घालतात, त्याअर्थी आम्ही बरोबर मध्ये आहोत.’ ऐकायला बरे वाटणारे हे उत्तर पुराव्यापुढे टिकत नाही. बैरुतमध्ये १९८२ साली निर्वासितांच्या छावण्यांत हत्याकांड झाले. त्याच्या दूरचित्रवाणीवरील बातम्या स्टॅनफर्डमधील संशोधकांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, त्याच बातम्या दोन्ही गटांना आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटल्या. ज्याची बाजू पक्की असते त्याला सरळ बातमीही तिरपी दिसते. तेव्हा दोन्हीकडच्या शिव्यांवरून वाचकांचे मन कळेल फार तर. आपली बातमी सरळ होती की तिरपी, हे त्यातून कळत नाही.

मग स्वतःच्या मनाचा कौल घ्यावा, तर तोही भरवशाचा नाही. चार्ल्स लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली फाशीच्या शिक्षेविषयी ठाम मते असलेल्या लोकांपुढे परस्परविरोधी निष्कर्षांचे अभ्यास ठेवले. काहींना बजावले की, न्यायाधीशासारखे निःपक्षपाती राहा. त्याचा उपयोग झाला नाही. आपल्या मताला पोषक अभ्यास त्यांना भक्कम वाटला आणि विरोधी अभ्यासात उणिवा सापडल्या. दुसऱ्या गटाला मात्र एक प्रश्न दिला : याच पद्धतीने निष्कर्ष उलटा निघाला असता, तर मी या अभ्यासाला हेच गुण दिले असते का? या गटाचा तोल सावरला. पहिल्या गटाची नियत खोटी होती असे मुळीच नाही. त्यांच्याजवळ संकल्प होता, पण तो अमलात आणण्याची रीत नव्हती. माझे सारे म्हणणे यातच आले. तटस्थता हा अंगचा गुण मानणे आपण सोडून द्यावे आणि इतरांना तपासता येईल अशी कामाची शिस्त म्हणून ती पाळावी.

क्रिकेटने हे आपल्या आधी ओळखले. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्या कसोटीत मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे भारतीय पंच उभे राहिले. पुढे २००२ पासून कसोटीचे दोन्ही पंच त्रयस्थ देशांचे असावेत, असा नियमच झाला. यजमान देशाचा प्रत्येक पंच लबाड होता, असा त्याचा अर्थ कोणी काढला नाही. पायचीतचा निर्णय क्षणात द्यायचा असतो आणि हजारोंचा गलका कानांवर आदळत असतो. तिथे सचोटीला नियमाचा आधार लागतो. करोनामुळे २०२० मध्ये यजमान देशांचेच पंच नेमावे लागले, त्यांत काही कमी अनुभवाचे असणार हे ध्यानात घेऊन आयसीसीने प्रत्येक डावात संघाला एक जादा रिव्ह्यू दिला. पंच बदलणे शक्य नव्हते, म्हणून तपासणी वाढवली.

यावर दोन आक्षेप येतील. मराठी पत्रकारिता बाजू घेणाऱ्यांनीच घडवली, हा पहिला. ते खरेच आहे. आगरकर १८८७ मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले, १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून ते आणि टिळक समोरासमोर ठाकले. पण कोण कुठे उभा आहे, हे वाचकाला ठाऊक होते. अग्रलेखातले उघड मत वाचक पारखून घेतो. आपल्या मर्जीतल्या नेत्याने ‘स्पष्ट केले’ आणि दुसऱ्याने ‘दावा केला’ असे बातमीत लिहिले, तर ती संधी त्याला मिळत नाही. दुसरा आक्षेप असा की, दोन्ही बाजूंना सारखी जागा दिली तर खोट्यालाही प्रतिष्ठा मिळते. तोही रास्त आहे. पण मी सारख्या जागेचा आग्रह धरत नाही, सारख्या कसोटीचा धरतो. लसीविषयी डॉक्टरकडे पुरावा मागा आणि अफवा पसरवणाऱ्याकडेही मागा. ज्याच्यापाशी तो नसेल, त्याच्या शब्दाला बातमीत वजन देण्याचे कारण उरत नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. मथळा देताना उपसंपादकाने पक्षांची नावे अदलाबदल करून पाहावीत आणि तरीही तोच मथळा दिला असता का, हे ठरवावे. आरोप छापण्याआधी ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे घ्यावे. नात्याचा किंवा जाहिरातीचा संबंध असेल तर ती बातमी सहकाऱ्याकडे सोपवावी. चूक पहिल्या पानावर झाली असेल तर दुरुस्तीही पहिल्याच पानावर यावी. तालुक्याच्या साप्ताहिकालाही परवडतील असे हे नियम आहेत. प्रत्येक संपादकाने ते लिहून काढून आपल्या अंकात छापावेत, म्हणजे ते मोडल्यावर आपला कान धरण्याचा हक्क वाचकाला मिळेल.