नवे हृदय आणि शरीराचा नकार



हृदयप्रत्यारोपण म्हटले की शल्यविशारदाचे कौशल्य आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु या उपचाराची खरी कसोटी शस्त्रक्रियेनंतर सुरू होते. जंतूंपासून आपले रक्षण करणाऱ्या पेशी नव्या हृदयालाही परके समजतात व त्यावर हल्ला चढवितात. यालाच 'रिजेक्शन' अर्थात अवयवाचा अस्वीकार म्हणतात.

३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका मानवाचे हृदय दुसऱ्या मानवाच्या छातीत प्रथमच बसविले. तो रुग्ण अठरा दिवस जगला. अस्वीकार टाळणाऱ्या औषधांनी प्रतिकारशक्ती क्षीण झाली होती. न्यूमोनियाने त्याचा बळी घेतला. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातील पहिला प्रयत्न केला. तो रुग्ण काही तासच जगला. पुढे बहुतेक केंद्रांनी ही शस्त्रक्रिया थांबविली. स्टॅनफर्डच्या डॉ. नॉर्मन शमवे यांनी मात्र संशोधन सोडले नाही. नॉर्वेच्या मातीतील एका बुरशीपासून लाभलेले सायक्लोस्पोरिन १९८० नंतर वापरात आले आणि चित्र पालटले. ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या 'एम्स'मध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले.

प्रत्यारोपणात हृदयाचे मज्जातंतू तुटतात. त्यामुळे छातीत वेदना जाणवेलच असे नाही. अस्वीकार मुकाट्याने वाढू शकतो. म्हणून पहिल्या वर्षी मानेतील शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन, स्नायूचे सूक्ष्म तुकडे काढून वारंवार तपासतात. धाप लागणे, पायांवर सूज, एकाएकी वजन वाढणे, विलक्षण थकवा ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. काही वर्षांनी हृदयाच्या रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होणे, हा अस्वीकाराचा आणखी एक प्रकार होय.

औषधांची मात्रा कमी पडली तर अस्वीकार, अधिक झाली तर जंतुसंसर्ग व मूत्रपिंडांना अपाय; हा तोल आजन्म सांभाळावा लागतो. प्रकृती सुधारली म्हणून गोळ्या बंद करणे घातक ठरते. उपवासाच्या दिवशीही डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून मात्रा चुकवू नये. घरातील एकाने तरी वेळापत्रकाची जबाबदारी घ्यावी.

आपल्या माणसाच्या वियोगाच्या क्षणी एखादे कुटुंब हे हृदय देत असते. वेळेवर घेतलेली प्रत्येक गोळी म्हणजे त्या दानाचा राखलेला मान होय.