आश्रय मागणाऱ्याची बाजू



आजच्या विषयात ‘बाजू’ हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. आश्रिताविषयी दया वाटणे आपल्याला नवे नाही. दारी आलेल्याला भाकरी देणारे हे गाव आहे. तुमच्यापैकी पुष्कळांचे पूर्वज स्वतःच गुजरातेतून तापीच्या खोऱ्यात आले आणि येथली काळी जमीन कसून येथलेच झाले. परंतु धर्मापायी घर सोडून आलेल्या कुटुंबाला भाकरीपेक्षा एका गोष्टीची अधिक गरज असते. ती म्हणजे त्याच्या बाजूने बोलणारा माणूस. भाकरी ते कुटुंब महिन्याभरात स्वतः मिळवू लागते. बोलणारा माणूस मात्र बाजारात विकत मिळत नाही.

हा प्रश्न दूरचा वाटत असेल, तर जरा गोव्याकडे पाहा. तेथे एकदा माणसांबरोबर देवांनाही निर्वासित व्हावे लागले. पोर्तुगीजांनी गोवा बेट १५१० साली घेतले, साष्टी आणि बारदेश १५४३ साली घेतले, आणि १५६० साली तेथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसले. त्याच १५६० साली कुशस्थळीच्या भक्तांनी आपला मंगेश उचलला आणि जुवारी नदी ओलांडून प्रियोळला नेला. आज आपण ज्या मंगेशीला दर्शनाला जातो ते स्थान असे आश्रयाचे आहे. शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली तीही अशीच.

पण नदीच्या पलीकडे राज्य कोणाचे होते? फोंड्याचा तो मुलूख त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीत होता. एका राजवटीच्या छळाला भिऊन हिंदू पळाले, आणि त्यांच्या देवाला जागा मिळाली ती मुसलमान सुलतानाच्या हद्दीत. आदिलशाहीची मला वकिली करावयाची नाही. तिनेही पुष्कळ काही केले आहे. तथापि त्या रात्री होडीत बसलेल्या माणसाला पलीकडच्या राजाचा धर्म कोणता हे महत्त्वाचे नव्हते. पलीकडे देऊळ बांधता येईल, एवढेच महत्त्वाचे होते.

आता आपल्या काळाकडे येऊ. १९४७ साली सिंधी लोक मुंबईच्या धक्क्यावर उतरले. कल्याणजवळ युद्धकाळात लष्करासाठी बांधलेल्या बराकी रिकाम्या होत्या, त्यांत सुमारे एक लाख माणसे राहू लागली. १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आगगाडीत पापड आणि गोळ्या विकणारी त्यांची पोरे आपल्यातल्या म्हाताऱ्या मंडळींना आठवत असतील. सिंधी माणसाने भीक मागितली नाही, हे आपण कौतुकाने सांगतो. ते खरेही आहे. पण त्या कौतुकात एक गोष्ट झाकली जाते: त्या वेळी कायदा त्याच्या बाजूला उभा होता. आपल्या राज्यघटनेचे सहावे कलम काढून वाचा. अविभक्त हिंदुस्थानाशी जन्माचा संबंध असलेला माणूस पाकिस्तानातून १९ जुलै १९४८ च्या आधी येऊन येथे राहिला असेल तर तो नागरिक. नंतर आला असेल तर सहा महिने राहून, अर्ज करून नाव नोंदवावयाचे. त्या कलमात धर्माचा उल्लेख नाही.

आज येणाऱ्या कुटुंबाची वाट इतकी सरळ नाही. असे धरा, की सिंधमधून निघालेले एक कुटुंब दोंडाईच्याला गाडीतून उतरून एस.टी.ने आपल्या गावी आले आहे. नवरा-बायको, म्हातारी आई, वयात येणारी मुलगी. मुलगी आहे म्हणूनच ते निघाले. तेथे हिंदू मुलींना पळवून, धर्म बदलून त्यांची लग्ने लावण्याचे प्रकार घडतात, आणि हे आपण त्यांच्या वैऱ्याच्या तोंडून सांगतो असे नाही. खुद्द सिंध प्रांताच्या विधानसभेने २०१६ साली सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध विधेयक मंजूर केले होते. धर्मपक्षांनी ओरड केली आणि राज्यपालांनी ते परत पाठविले.

मग कोणी विचारतो, “छळ झाला हे खरे कशावरून?” प्रश्न रास्त आहे, परंतु छळणारा पावती देत नाही! दुकान कधी जळले, फिर्याद कोणत्या ठाण्यात घेतली नाही, मुलीची शाळा कोणत्या महिन्यात बंद केली, हे घाबरलेल्या माणसाला सलग सांगता येत नाही. कचेरीत तो तारखा चुकतो, आणि तारीख चुकली की खोटा ठरतो. त्याच्याजवळ शांतपणे दोन संध्याकाळी बसून हकीकत लिहून घेणारा शेजारी मिळाला, तर तीच हकीकत उभी राहते. दुसरी अडचण तर हसावे की रडावे अशी. पासपोर्टची मुदत संपली तर नवा आणावयाचा कोठून? ज्या सरकारच्या राज्यातून पळून आलो, त्याच सरकारच्या वकिलातीतून!

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. कायद्याच्या दृष्टीने तो परदेशी, एवढेच. तरी तो अगदी उघडा पडलेला नाही. चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले, की जीविताचे संरक्षण देणारे एकविसावे कलम नागरिकाला आहे तसेच परक्यालाही आहे. पुढे २०१९ साली नागरिकत्वाचा कायदा दुरुस्त झाला आणि ११ मार्च २०२४ ला त्याचे नियम आले. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांपैकी जे ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आले, त्यांना अकराऐवजी पाच वर्षांच्या वास्तव्यावर नागरिकत्व मागता येते. मुदत संपलेला कागदही चालतो. जिल्हा समितीवर प्रमुख म्हणून टपाल खात्याचा अधीक्षक बसविला आहे. पत्ता हरवलेल्या माणसांसाठी पोस्टखाते, ही योजना मला तरी आवडली.

पण मघाचे आपले कुटुंब २०१४ नंतर आले असेल तर? त्याला ही सवलत नाही. दीर्घ मुदतीचा व्हिसा आणि साधारण नियमाने वर्षानुवर्षांची वाट, हेच त्याच्या नशिबी. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंना आधीच मिळालेले दीर्घ मुदतीचे व्हिसा तेवढे कायम राहिले. ज्याचा अर्ज लिहावयाचाच राहिला होता, त्याच्या घरी ते दिवस कसे गेले असतील याचा विचार करा.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती काहींना रुचणार नाही. पाकिस्तानने १९७४ साली घटना बदलून अहमदियांना मुसलमान नाहीत असे ठरविले, आणि १९८४ पासून त्यांनी स्वतःला मुसलमान म्हणविणे हाच गुन्हा केला. धर्मापायी छळ याहून स्पष्ट कोणता? तरी आपल्या यादीत त्यांचे नाव नाही. देशाच्या सुरक्षिततेसाठी प्रत्येकाची कसून चौकशी व्हावी, यात मला वाद नाही. पण चौकशी माणसाची व्हावी, नावाची नव्हे. मंगेशाची होडी ज्या काठाला लागली, त्या काठाने यादी काढली असती तर आपण आज मंगेशीला कोठे गेलो असतो?

आता तुमच्या हाती काय, ते सांगतो. २०२४ च्या नियमांत अर्जदार कोणत्या समाजाचा हे सांगणारा दाखला लागतो, आणि तो स्थानिक प्रतिष्ठित सामाजिक संस्थेने द्यावयाचा आहे. अशा संस्था या मंडपात बसलेल्या मंडळींनीच चालविलेल्या आहेत. दाखला देताना तोंडे चुकवू नका, आणि ओळख नसताना सहीही करू नका. आधी त्यांच्या घरी जा, चहा घ्या, मुलीला शाळेत बसवा, म्हणजे सही खरी होईल. वकीलमंडळींनी एक अर्ज फुकट लिहावा. ज्याचे अक्षर चांगले आहे त्याने हकीकत तारीखवार लिहून काढावी आणि तिच्या दोन नकला ठेवाव्यात. परदेशी नागरिकांची नोंद जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे असते. तेथे त्या गृहस्थाला एकट्याला पाठवू नका; सोबत गावातला कोणीतरी मोठा माणूस असावा. नंदुरबारची पहिली बस धरली, तर कचेरी उघडते तेव्हा दारात उभे राहता येते.