कपाट बसविण्यापूर्वीं

स्वयंपाकघरांत नवें कपाट बसतें आणि चार दिवसांतच त्याचीं दारें कुरकुरूं लागतात. एक आपोआप उघडतें, दुसरें मिटत नाहीं. घरधनी सुताराला बोल लावतो, सुतार गवंड्याकडे बोट दाखवितो. वस्तुतः कपाट पुष्कळदां निर्दोषच असतें. काटकोनांत जोडलेली चौकट वांकड्या भिंतीशीं स्क्रूनें आवळली कीं ती पिळवटते, आणि पिळलेल्या चौकटींत दार नीट बसत नाहीं.

म्हणून आधीं भिंतीची परीक्षा करावी. तिचीं साधनें थोडीं व जुनींच आहेत: ओळंबा, पाणसळ, सरळ फळी आणि दोरी. प्रथम पाणसळच तपासावी. बुडबुडा कोठें थांबतो तें पाहून तिचीं टोकें उलटसुलट करावीं व तिला त्याच जागीं ठेवावें. बुडबुडा पूर्ववत् राहिला तर ती विश्वासास पात्र होय. भिंत ओळंब्यांत आहे कीं नाहीं तें पाहून मग फळी टेकवावी आणि फट व फुगवटा खडूनें खुणावावा. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट व दुसरीवर ४ फूट मोजावें. दोन खुणांतील अंतर बरोबर ५ फूट भरलें तर कोपरा काटकोनांत आहे. ठोकतांना पोकळ वाजणारा गिलावा काढून नवा करावा व तो पुरता वाळूं द्यावा. भांड्यांनीं भरलेलें टांगतें कपाट पोकळ गिलाव्याच्या आधारावर सोडणें म्हणजे खालीं वावरणाऱ्या माणसाच्या जिवाशीं खेळ होय.

जमिनीविषयीं मात्र विवेक हवा. फरशीला मोरीकडे दिलेला उतार हा दोष नव्हे, ती सोय आहे. तो बुजविला तर पाणी तुंबेल आणि लांकूड कुजेल. उतार फरशीला असूं द्यावा, समपातळी कपाटाला द्यावी. कपाटाच्या जागेंतील सर्वांत उंच ठिकाण शोधून त्यावरून भिंतीवर समपातळीची रेघ मारावी व इतरत्र पायांखालीं पाचरी सारून कपाट त्या रेघेशीं आणावें. पाचरीनें कपाट उचलतां येतें. फरशींत दाबतां येत नाहीं.

भिंतीलाही हाच न्याय लागू आहे. कोंकणांतील चिऱ्याची जुनी भिंत सबंध सरळ करणें खर्चाचें काम. तेथें मोठा फुगवटा तेवढा तासावा, खोलगटांत चिपा भराव्या आणि उरलेली फट भिंतीच्या वळणाप्रमाणें रंधलेल्या पट्टीनें झांकावी. शेवटीं चौकटीच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून दोन दोऱ्या ताणाव्या. त्यांची लांबी सारखी भरली व मध्यें त्या एकमेकींस केवळ टेकल्या, म्हणजे काम साधलें.

घरधन्यानें एवढें अवश्य करावें: गवंडी काम संपवून जाण्यापूर्वींच सुताराला बोलवावें व ओळंबा दोघांच्या देखत धरावा. पै पै सांठवून केलेलें कपाट त्यायोगें वांचेल, आणि नंतर कोणीं कोणाला बोल लावण्याचें कारणही उरणार नाहीं.